आठव्या दिवसाची मोजणी

साहेबांनी मोबाईलवर एक तक्ता पाठवला होता. डाव्या बाजूला आमच्या कामांची यादी आणि पुढे दोन रिकामे रकाने, 'घर' आणि 'ऑफिस'. खाली लिहिलं होतं, की प्रत्येकाने आपापल्या कामापुढे विचारपूर्वक खूण करावी, कोणावर काहीही लादायचं नाही. इतकी वर्षं नोकरी केल्यावर एक कळतं. 'लादायचं नाही' असं वाचलं की काय लादलं जाणार आहे तेवढं शोधायचं. ते लगेच सापडलं. वाशिमच्या ऑफिसातला पुढचा हॉल कंपनीने सोडून दिला होता. मागच्या दोन खोल्या उरल्या होत्या आणि आम्ही पाच माणसं होतो. शुक्रवार-शनिवार ऑफिसला कुलूप राहणार हे तक्त्याच्या आधीच ठरलं होतं.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ज्यांच्याकडे घरी करण्यासारखं पुरेसं काम नसेल त्यांनी ते दोन दिवस गोडाऊनवर हजर राहायचं. ही ओळ मी तीनदा वाचली. बाकीचा तक्ता माझ्यासाठी तिथेच संपला होता.

मला ते दोन दिवस घरीच हवे होते. हौस म्हणून नाही. मेडशीत आमच्या घरी मी आणि माझी माय, दोघीच. भाऊ पुण्याला, तो फोनवर काळजी करतो. मायला साखरेचा आजार. आधीच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिची साखर एकदम उतरली आणि ती अंगणात पडली. शेजारची काकू ताक मागायला आली म्हणून दिसली. किती वेळ पडून होती ते कोणालाच माहीत नाही. तिला स्वतःलाही नाही. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. डॉक्टरांना बोलायला काय जातं? मी सकाळी सातच्या एसटीने जायची आणि अंधार पडता परत यायची. सहा दिवस तिच्याकडे काकू डोकावायची. त्यातले दोन दिवस मी घरी राहिले असते तर काकूचे चारच उरले असते. हा माझा हिशोब होता, आणि त्या तक्त्यात मावेल असा तो नव्हता.

आमची कंपनी बियाण्यांची. सोयाबीन जास्त, थोडी तूर. माझं काम उगवण तपासायचं. एका लॉटमधून, म्हणजे एका ढिगातल्या मालातून, शंभर बिया मोजून घ्यायच्या, ओल्या जाड कागदावर ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून थंड कपाटात उभी ठेवायची. अशा चार गुंडाळ्या. पाचव्या दिवशी एकदा बघायचं आणि आठव्या दिवशी उघडून शेवटची मोजणी. शंभरात सत्तर नीट उगवल्या तर लॉट पास, मग त्याच्या पिशव्या भरायच्या. कमी उगवल्या तर माल परत.

आता यातलं घरी काय नेणार? नमुने घेणं ऑफिसात, बिया मांडणं ऑफिसात, कपाट ऑफिसात. घरून होण्यासारखा होता फक्त अहवाल, आणि तो तासाभरात होतो. एका तासाच्या कामावर दोन दिवस कोण देतं? मी यादीवरून वरखाली बोट फिरवत राहिले आणि 'आठव्या दिवसाची मोजणी' या ओळीवर थांबले. आमचा बराचसा माल गुरुवारी लागायचा, म्हणजे त्याचा आठवा दिवस शुक्रवारी यायचा. शुक्रवारी ऑफिस बंद. मग गुंडाळ्या गुरुवारी संध्याकाळी घरी नेल्या, शुक्रवारी उघडल्या, मोजल्या, आकडे पाठवले, झालं काम. दिसायला चोख होतं. मी 'घर' या रकान्यात खूण केली.

खरं सांगायचं तर बिया गुरुवारऐवजी सोमवारी लावल्या असत्या तर आठवा दिवस मंगळवारी आला असता आणि काही घरी न्यायची गरजच पडली नसती. हे मला खूण करतानाच सुचलं होतं. मी ते बोलले नाही.

चाचा मात्र बोलले. चाचा म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. वाशिम गावातच त्यांचं घर, भावांचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान, आणि हे एकटे लहानपणापासून हातोडीच्या आवाजाला कंटाळून नोकरीत आलेले. ऑफिसची किल्ली त्यांच्याकडे असायची. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यांनी माझा तक्ता पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बेटा, बाकी न्यायचं ते ने घरी. मोजनी नोको नेऊ. घरी कोनाचाबी हात लागते."

"आमच्या घरी कोन हाय, चाचा? मी अन् माय."

"दोन झाले न मंग." मग म्हणाले, "सोमवारी लावत जाय ना माल. काय फरक पडते?"

मी सांगितलं की नमुने बुधवारी येतात, सोमवारपर्यंत ठेवले तर खराब होतील. सोयाबीन पाच दिवसांत खराब होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मायचं पडणं त्यांना मीच सांगितलं होतं. चष्मा परत डोळ्यांवर आणून त्यांनी माझ्या तक्त्याच्या छापील प्रतीवर, सगळ्यात जुने म्हणून त्यांची लागायची ती, सही केली.

साहेब अकोल्याला राहतात. तक्ता येण्याआधीपासून ते घरूनच काम करायचे, पण त्याला कोणी तसं म्हणत नव्हतं. त्यांनी माझी खूण लगेच मंजूर केली आणि वर लिहिलं, 'उत्तम नियोजन'.

मग सुरू झालं. गुरुवारी संध्याकाळी गुंडाळ्या ओल्या फडक्यात लपेटून स्टीलच्या उभ्या डब्यात घालायच्या आणि डबा मांडीवर धरून एसटीत बसायचं. कंडक्टर विचारायचा, "म्याडम, डब्यात काय हाय?" मी म्हणायची, सोयाबीन. त्याला वाटायचं मी थट्टा करते. घरी आल्यावर गुंडाळ्या परातीत उभ्या करायच्या, परात माठाशेजारी ठेवायची, वरून ओलं फडकं टाकायचं. आणि तिथेच, माठाच्या दुसऱ्या अंगाला, मायचं पोतं असायचं.

ते सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत पेरणीआधी बी तपासायचं काम मायकडे असतं. कोणी नेमलेलं नाही, तिच्या तरुणपणापासून चालत आलं आहे. बाया पदरात ओंजळभर सोयाबीन घेऊन येतात. माय त्यातल्या शंभर बिया मोजते, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळी लावते, पोतं गुंडाळते, सुतळीने बांधते आणि रोज त्यावर पाणी शिंपडते. चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून मोजते आणि सांगते, की यंदा घरचं पेर, किंवा यंदा दुकानातून आण. तिला आकडे लिहून ठेवता येत नाहीत. सांगितलेलं मात्र चुकत नाही. मी शिकले, विज्ञानाची पदवी घेतली, कंपनीत लागले आणि तिच्यासारखंच काम कागदावर करू लागले. याचा तिला फार अभिमान होता. काकूला म्हणायची, "मायं पोतं, तिचा कागद. काम एकच हाय."

पहिले काही शुक्रवार चांगले गेले. मी दारात, जिथे रेंज येते तिथे खुर्ची टाकून बसायची. माय आत. दर तासाने आवाज द्यायची, "चा ठेवू का वं?" आणि मी म्हणायची, ठेव, पण तुझ्यात साखर नको. एवढं साधं. एवढ्यासाठी मी खोटी खूण केली होती आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

एका शनिवारी साहेबांचा फोन आला. आदल्या दिवशी मी एका लॉटचे अडुसष्ट पाठवले होते. साहेब गोड बोलले. म्हणाले, "दोनाचं काय घेऊन बसलात? मोजताना दोन इकडेतिकडे होतातच. नीट पाहा ना एकदा." मागे त्यांच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी नीट पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतं, गुंडाळ्या मी चांगल्याच पाहिल्या होत्या. मी अडुसष्ट खोडून सत्तर केले, अहवाल परत पाठवला आणि खाली सही केली. माय माझ्या पाठीमागे बसून ताटात गहू निवडत होती. आकडा बदलायचं हे काम तक्त्यात कुठेच नव्हतं, ना 'घर' मध्ये ना 'ऑफिस' मध्ये. ते मात्र घरूनच व्हायचं.

त्यानंतर ओळीने तीन लॉट नापास झाले. माल खरोखर खराब होता, काढणीच्या वेळी भिजलेला. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला साहेबांनी सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग लावली. विषय होता, 'घरून होणाऱ्या कामांचा आढावा'. माझा हेडफोन तुटला होता म्हणून फोन स्पीकरवर. साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर चढले. "तुमच्याकडून माल पास का होत नाही? घरी नेल्यापासून हे सुरू झालंय. मोजता की झोपा काढता? असंच चाललं तर मला तुमचा विचार करावा लागेल." मी "हो सर, पाहते सर" म्हणत राहिले. तासभर चाललं ते. तोंड रस्त्याकडे, घर पाठीमागे. आत काय चाललंय मला दिसत नव्हतं आणि मी वळूनही पाहिलं नाही.

मीटिंग संपली. मी तोंडावर पाणी मारलं आणि परात ओढली. गुंडाळ्या उघडल्या. सत्याहत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, पंचाहत्तर. सरासरी शहात्तर! काही रोपं बाकीच्यांपेक्षा आखूड होती, पण मुळं धड होती, पानं धड होती, नियमात बसत होती. एरवी मी अशा आखूड रोपांपाशी थांबले असते. त्या दिवशी नाही थांबले. मला तो आकडा हवा होता, तो समोर आला आणि मी उचलला.

"आलं का साजरं?" मायने आतून विचारलं.

"आलं वं माय. शहात्तर."

"मंग झालं," ती म्हणाली. आणि हसली. ते हसणं मला अजून दिसतं आणि तेव्हा मी त्यातलं काहीच ओळखलं नाही, याचा संताप येतो.

सोमवारी ऑफिसात चाचांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. त्यांची एक सवय होती, जी कुठल्या नियमात नव्हती. प्रत्येक लॉटच्या चार गुंडाळ्यांबरोबर ते पाचवी लावायचे आणि ती ऑफिसातल्या कपाटातच ठेवायचे. शुक्रवारची नमाज झाली की किल्ली घेऊन एकटेच येऊन ती उघडायचे, वहीत आकडा टाकायचे, कुलूप लावून घरी जायचे. कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले होते, माझ्या मनासाठी.

"मायी पाचवी एकोनसाठ आली," ते म्हणाले. "तुयी शहात्तर. माल एकाच ढिगातला हाय न बेटा?"

मोजलेल्या गुंडाळ्या चार दिवस जपून ठेवायचा आमचा रिवाज आहे. मी त्या परत आणल्या होत्या. आम्ही दोघांनी त्या टेबलावर पसरल्या. चाचांनी एक आखूड रोप उचललं, उजेडात धरलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. मुळाला एक बारीक तपकिरी धागा चिकटला होता. पोत्याचा. आमच्या कागदात धागे नसतात. दुसऱ्या रोपाला होता, तिसऱ्याला होता. मला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

संध्याकाळी मी चप्पल न काढताच मायला विचारलं. तिने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं.

"सडके काढून टाकले. आपल्या पोत्यातले चांगले ठुले तिथं. त्या बायकायचं मोजून झालं होतं, मंग काय."

"काहून पन?"

"तो मानूस वरडून राह्यला होता न तुयावर. इतल्या लोकायसमोर. बी उगत नाही त्यात तुया काय दोष?" मग म्हणाली, "सारखे लावले म्या. एकाबी ओयीत जागा रिकामी नाही ठुली."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहायची माझी हिंमत नाही. तुले कोनी सांगतलं होतं हात लावाले, तुयामुळं मायी नोकरी जाईन, अडान्यासारखं करून ठुलं, असलं सगळं. 'अडानी' हा शब्द आमच्या घरात मी पहिल्यांदा उच्चारला, तोही तिच्यासाठी. ती भिंतीला टेकून बसली होती. माझं संपेपर्यंत ऐकलं. मग उठली, आपलं पोतं माठापासून ओढत ओढत बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. उन्हाळ्याच्या अंगणात. त्यातलं बी एका दिवसात वाळून गेलं.

आता जो भाग लिहायचा आहे तो मी टाळत होते.

चाचांनी सोपा रस्ता सांगितला होता. माल थांबवायचा, नवीन गुंडाळ्या लावायच्या आणि अहवालात लिहायचं की नमुना एसटीच्या प्रवासात वाळला, मोजणी रद्द. पूर्ण खरं नव्हतं, पण कोणाच्या अंगावर येणारं नव्हतं. मी रात्रभर त्यावर विचार केला आणि मला एकच दिसलं. नमुना प्रवासात वाळतो असं लिहिलं तर साहेब म्हणणार, मग नेऊ नका घरी. खूण 'घर' मधून 'ऑफिस' मध्ये जाणार आणि माझे दोन दिवस गेले. त्यापेक्षा एखाद्या माणसाची चूक झाली असं लिहिलं तर काम तसंच राहील. माणसाला समज देता येते. चूक पुन्हा होणार नाही अशी हमी देता येते. मायजवळ राहायचे दोन दिवस वाचवण्यासाठी मी मायचंच नाव द्यायचं ठरवलं. तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मायने रोपं बदलली आणि चाचांच्या वहीत एकोणसाठ आहेत, असं मी साहेबांना कळवलं. साहेबांचा फोन आला. आवाज शांत होता, ओरडतात तेव्हापेक्षा वाईट. म्हणाले, "त्यांची लेखी कबुली जोडा. सहीनिशी. फाइलला लागेल."

त्यांनी आमच्या शहात्तरबद्दल एक शब्द काढला नाही, एकोणसाठबद्दलही नाही. सत्तरच्या खाली माल होता याचं दुःख त्यांच्या आवाजात कुठेच नव्हतं. दुःख होतं ते चाचांच्या वहीत तो आकडा चढला याचं.

कबुली मीच लिहिली. कंपनीच्या भाषेत. 'मी माझ्या मुलीच्या गैरहजेरीत व तिच्या नकळत कंपनीच्या नमुन्यांत ढवळाढवळ केली, याबद्दल मी दिलगीर आहे.' गैरहजेरीत! मी दहा पावलांवर दारात बसले होते. पण गैरहजेरीत लिहिलं की माझ्यावर कमी येत होतं.

माय सही करते. अंगठा देत नाही. विहारात बायांसाठी वर्ग भरायचा तिथे ती शिकली, मी तेव्हा शाळेत होते. तिची सही करायची रीत वेगळी आहे. आधी आडवी रेघ ओढून घेते, मग तिच्याखाली नावाची चार अक्षरं एक एक करून लावते. बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठेही तिच्यापुढे शाईचा डबा सरकवला तर ती तो बोटाने मागे लोटते आणि म्हणते, पेन द्या.

मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

मी भराभर वाचलं.

"ढवळाढवळ म्हनजे?"

"हात घातला म्हनजे."

"हात तं घातला म्या," ती म्हणाली. तिने रेघ ओढली, चार अक्षरं लावली, कागद माझ्याकडे दिला आणि विचारलं, "आता तं नाही न बोलनार तुले तो?"

मी म्हटलं, नाही बोलणार.

चाचांनी तो कागद फाइलला लावताना वाचला. दोनदा वाचला. "मायले काहून लिवलं, बेटा?" ते म्हणाले. "एसटीत वाळलं लिवायचं होतं." ते महिन्याच्या शेवटी निवृत्त होईपर्यंत माझ्याशी पहिल्यासारखंच बोलले, डब्यातली भाजीही पुढे केली, पण पुन्हा कधी बेटा म्हणाले नाहीत. बाई म्हणायला लागले. एक माणूस एवढ्या सभ्यपणे आपल्याला घराबाहेर काढू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आणि तक्ता? आठवड्याभरात सुधारलेला तक्ता आला. 'आठव्या दिवसाची मोजणी' समोर 'ऑफिस'. शेरा, 'घरी विश्वासार्ह नाही'. त्याखाली नवी सूचना. यापुढे नमुने सोमवारी लावावेत, म्हणजे आठवा दिवस कामाच्या दिवशी येईल. आणि माझ्या नावापुढे, शुक्रवार-शनिवार गोडाऊन. मी जे जे वाचवायला निघाले होते ते सगळं गेलं. जे जाणार नव्हतं तेही गेलं. साहेबांनी तो तक्ता अकोल्याहून, घरून पाठवला होता. त्यांच्या घराबद्दल कुठे शेरा नव्हता.

मी अडुसष्टचे सत्तर केले तो अहवालही त्याच फाइलमध्ये आहे. मायच्या कबुलीच्या चार-पाच पानं खाली. त्यावर माझी सही आहे. त्याबद्दल मला कोणी विचारलं नाही. मायने खराब बी काढून चांगलं ठेवलं, निदान प्रत्येक बीला हात तरी लावला. मी तर एका आकड्यावर दुसरा आकडा लिहिला. दोघींत विश्वासार्ह नसलेली कोण, हे मी मायला आजपर्यंत सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिची मान थोडी वर झाली असती. मला ठाऊक आहे आणि तरी माझं तोंड उघडत नाही.

मृग जवळ आला. गल्लीतल्या उरलेल्या बाया दरवर्षी याच दिवसांत येतात. तो शुक्रवार होता, आता माझा गोडाऊनचा दिवस. मी बॅग खांद्याला लावून दारात चपला घालत होते. काकू आली. पदराच्या गाठीत सोयाबीन बांधलेलं.

"मावशी, पाह्यजा मायं बी. घरचंच ठुलं यंदा."

माय चुलीपाशी होती. उठली नाही. "मी नाही पाहत आता," ती म्हणाली.

"काहून वं?"

"मायी सही हाय तिकडं. कंपनीच्या कागदावर. म्या बियात हात घातला म्हनून." आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. रेशनकार्डावरचं नाव कमी झालंय असं सांगावं, तसं तिने सांगितलं. "तुमचं बी नाही उगलं तं मंग लोकं म्हनतीन, तिनंच पाह्यलं होतं."

काकू गोंधळली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलावं तशी ती माझ्याकडे वळली. "मंग तू पाहून देतं का, बाई? तू तं कंपनीतच हाय. तुयाकडं मशिनी हाय. तुयं तं पक्कं राहते."

मी मायकडे पाहिलं. ती चुलीतली काडी पुढे सरकवत होती. माझ्या उत्तराची वाट पाहत होती की नाही, मला कळलं नाही. मला तिला एवढंच म्हणायचं होतं की पोतं आत आण, तूच पाहा, माझ्यापेक्षा तुझा हात खरा आहे. सडकेवरून सातच्या बसचा हॉर्न ऐकू आला.

मी बॅगेतून गुंडाळ्यांचा तो स्टीलचा डबा काढला, रिकामा, अजून बॅगेतच राहिलेला. झाकण उघडून पुढे धरलं. काकूने गाठ सोडली आणि सगळं बी माझ्या डब्यात ओतलं, न मोजता.